‘जि. द. सातारा’ आणि तीन खणांचे माळवद

या वेळचे पत्र कोइंबतूरहून आले आहे. पत्रलेखिका पन्नाशीच्या आहेत. त्यांचे आजोबा चाळीसच्या दशकात खानापूर तालुक्यातल्या एका गावातून गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सराफांकडचे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याच्या कामासाठी, तमिळनाडूत गेले आणि तिकडचेच झाले. गेल्या वर्षी वडील वारले. त्यांच्या पेटीत एक पोस्टकार्ड आणि घरपट्टीची एक पावती निघाली. कार्डाच्या कोपऱ्यात गावाचे नाव फाटले आहे, ‘ता. खानापूर, जि. द. सातारा’ एवढेच वाचता येते. तारीख पुसली आहे. मजकूर आजोबांच्या थोरल्या भावाचा आहे: ‘यंदा पावसाने तिन्हीतल्या मधल्या खणाचे माळवद बसले, दोन तुळया बदलाव्या लागतील, जमेल तसे पाठवावे.’ (माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर.) पावतीवर नाव पणजोबांचे असून खाली ‘हस्ते’ म्हणून याच थोरल्या भावाचे नाव आहे. वडील मात्र आयुष्यभर ‘आपला चौसोपी वाडा होता’ असे सांगत. पत्रलेखिकेच्या भावाने कार्डावरून निष्कर्ष काढला की मूळ घर सातारा जिल्ह्यात असणार, आणि दोन दिवस साताऱ्यात चौकश्या करून तो रिकाम्या हाताने परतला. इकडे एका लग्नात मिळालेल्या फोन क्रमांकावरून त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या चुलत भावाशी संपर्क साधला, तर तो म्हणाला, “घर पडून कवाच माती झाली, आता कशाला उकरायचं?” त्यांच्या मते काहीतरी लपवले जात आहे, कारण उताऱ्यांवर आजोबांचे नाव कोठेही नाही असे त्यांना कळले आहे. मूळ घर नक्की कोणते हे कसे शोधावे, आणि भावकीची इच्छा नसताना गावी जावे का, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘आजी माण तालुक्यातली होती, पण तिच्याकडचे आता कोणी आठवत नाही.’

ताई,

तुमच्या बंधूंचे दोन दिवस ज्या अक्षरापायी वाया गेले, त्या ‘द.’पासूनच सुरुवात करतो. ‘द.’ म्हणजे दक्षिण. संस्थाने विलीन झाल्यानंतर १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला, खानापूर तालुका त्यात गेला, आणि १९६० मध्ये त्याच जिल्ह्याचे नाव सांगली असे बदलले. म्हणजे साताऱ्यात एक मूळ घर आणि सांगलीत दुसरे, अशी दोन घरे नाहीतच; जिल्ह्याचे नाव बदलले, गाव आपल्या जागी राहिले. या एका अक्षरामुळे तारीख पुसलेल्या पत्राचा काळही तुमच्या हाती येतो. ते १९४९ ते १९६० या अकरा वर्षांतले आहे. फार तर जुन्या सवयीने त्यानंतर एखाददुसऱ्या वर्षातले.

असा घोटाळा तुमच्याच घरी झाला आहे असे समजू नका. खानापूर तालुक्याची कचेरी खानापुरात नसून विट्यात आहे, याच तालुक्यातून पुढे कडेगाव वेगळा झाला, आणि खानापूर नावाचा एक तालुका बेळगाव जिल्ह्यातही आहे. या पट्ट्यातल्या ज्या वाचकांना आपले गाव शोधायचे आहे, त्यांनी गावाच्या नावाआधी हे पाहावे की ते गाव त्या काळी खालसा, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखाली होते, की संस्थानी. आटपाडी औंध संस्थानात होते, जतला स्वतःचे संस्थान होते, सांगली आणि मिरज येथे पटवर्धनांची संस्थाने होती, तर तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके इंग्रजी अमलाखालच्या सातारा जिल्ह्यात होते. कागद कोणत्या दप्तरात पडला असेल, हे त्यावरच ठरते.

आता वाड्याविषयी. तुमच्या वडिलांना मी खोटे ठरवत नाही. मूल असताना पाहिलेले किंवा नुसते ऐकलेले घर परमुलखात वाढतच जाते, आणि ज्या माणसाचे बालपण भट्टीशेजारच्या भाड्याच्या खोलीत, मूस आणि तेजाबाच्या वासात गेले, त्याने गावाकडच्या घराला चार सोपे जोडले तर त्यात नवल नाही. पण थोरल्या आजोबांचे कार्ड ‘तिन्हीतल्या मधल्या खणाचे माळवद’ असे म्हणते, आणि पैशांची निकड असलेला शेतकरी आपल्या घराचे खण कमी मोजत नाही. खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर. आपल्याकडे घर खणांवर मोजले जात असे. तेव्हा तुमचे घर तीन खणांचे, धाब्याचे, बहुधा पुढे सोपा आणि मागे परडे असलेले होते. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या कमी पावसाच्या मुलखातले ते अगदी सर्वसाधारण कुणब्याचे घर. शोध वाड्याचा घेत गेलात, तर ते समोर असूनही तुम्ही त्याच्यावरून चालत जाल.

‘चालत जाल’ हे मी शब्दशः म्हणतो आहे. माळवद म्हणजे तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर काटक्या किंवा पाला, आणि त्यावर वीतभर किंवा अधिक जाडीचा पांढऱ्या मातीचा थर. ही माती पाणी धरत नाही, पण दर वर्षी पावसाळ्यापूर्वी वर चढून नवी माती पसरावी लागते, चोपावी लागते, उगवलेले गवत उपटावे लागते, उंदरांनी पाडलेली भोके बुजवावी लागतात. एक-दोन वर्षे हात फिरला नाही, तर माळवद गळते आणि मग बसते. ही पांढरी माती आणत कोठून? बहुतेक गावांत ती जुन्या पांढरीवरून आणत, म्हणजे पूर्वीच्या वस्तीच्या टेकाडावरून, जिथे कित्येक पिढ्यांची घरे पडून, मुरून, राखेने आणि शेणामातीने मऊ झालेली असत. शेतजमीन ती ‘काळी’ आणि वस्ती ती ‘पांढरी’, असे आपल्याकडे म्हणतात ते याच मातीवरून. आजचे माळवद कालच्या घरांच्या मातीचे असे आणि पडल्यावर ते पुन्हा कोणाच्या तरी छपरावर किंवा शेतात जाई. ‘घर पडून माती झाली’ हे तुमच्या चुलत भावाचे वाक्य तुम्हाला उडवाउडवीचे वाटले. मला ते नेमक्या माहितीचे वाटते.

याच कारणाने ‘मूळ घर’ या शब्दाकडे जरा संशयाने पाहा, अशी माझी विनंती आहे. पणजोबांच्या आधीचे घर याच जागी होते असे कशावरून? प्लेगच्या साथींत माणसे शिवारात झोपड्या घालून राहिली आणि काही परत गावठाणात आलीच नाहीत. वाटण्या झाल्या की एकाने भिंत घातली, दुसरा मळ्यात गेला. कृष्णाकाठी पुराने आणि कोयनेच्या खोऱ्यात धरणाने गावेच्या गावे हलवली. तुम्हाला जे घर हवे आहे ते वंशाचे पहिले घर नसून आजोबा जिथून निघाले ते घर आहे, आणि हा प्रश्न पुष्कळ लहान व सुटण्याजोगा आहे.

आता भावकी. उताऱ्यावर आजोबांचे नाव नाही, म्हणजे कोणीतरी ते काढले, असे तुम्ही धरून चालला आहात. सातबाऱ्याचे जुने कागद पाहिलेल्या कोणालाही ‘ए. कु. मॅ.’ ही अक्षरे ओळखीची असतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारला की गावात राहणाऱ्या थोरल्या मुलाचे नाव या शेऱ्यासह लागे आणि बाकीचे भाऊ त्यात गृहीत असत. परमुलखात गेलेल्या भावाला बोलावून त्याचा अंगठा घेण्याची गरज कोणाला वाटत नसे. पुढे मॅनेजरच्या मुलांची नावे वारस म्हणून चढली आणि तो शेरा मागे पडला. यात कोठे लबाडी झालीच नाही असे मी म्हणत नाही, ती झाल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. परंतु नाव नसणे एवढाच तिचा पुरावा होत नाही, आणि तुमच्याजवळची पावती तर उलट बाजूने बोलते. घर बापाच्या नावे, घरपट्टी भरली थोरल्या मुलाने, आणि ती पावती त्याने जपून धाकट्याकडे पाठवली, म्हणजे तुझे पैसे कोठे गेले ते पाहा. ज्याला घर लाटायचे असते तो असा हिशेब देत नाही.

तुमच्या चुलत भावाला भीती वाटते आहे हे मात्र खरे, आणि तिचे कारण तुमच्यापेक्षा पाण्यात अधिक आहे. तुमचे आजोबा ज्या माळावरून उठून गेले तिथे कुसळांशिवाय काही उगवत नव्हते. १९७२ च्या दुष्काळाने आणखी माणसे बाहेर पडली. कऱ्हाडजवळच्या टेंभू येथून कृष्णेचे पाणी उचलून खानापूर, आटपाडी, कडेगाव या भागांत आणणाऱ्या योजनेने त्याच माळांवर ऊस, द्राक्षे आणि डाळिंबे दिसू लागली, आणि जमिनीला भाव आला. भाव आला तसे लांबचे वारस फोन करू लागले. कोइंबतूरहून अचानक आलेला ‘आपले मूळ घर कोठे आहे’ हा प्रश्न त्याच्या कानाला ‘आपला हिस्सा किती आहे’ असाच ऐकू येणार. त्याच्या जागी तुम्ही असतात, तर काय वेगळे ऐकले असते?

म्हणून फोन उचलण्यापूर्वी एक गोष्ट स्वतःशी ठरवा: तुम्ही जागा शोधता आहात की हक्क? दोन्ही शोधण्याचा तुम्हाला अधिकार आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला आहे, आणि २००५ मध्ये वडील हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्या आणि व्यवहारांना ही दुरुस्ती धक्का लावत नाही. हक्क हवा असेल, तर विट्यातला एखादा दिवाणी वकील गाठा, कागद त्याच्यापुढे ठेवा आणि चुलत भावालाही सरळ तसेच सांगा. जागा हवी असेल, तर तेही तितक्याच सरळ सांगा. ‘आधी जाऊन तर बघू, मग ठरवू’ हा मधला मार्ग मला सर्वांत वाईट वाटतो. त्यात घरही दिसत नाही आणि नातेही जाते. तुमच्या पत्राचा सूर जागेचा आहे, म्हणून पुढचे त्याच अंगाने लिहितो. एक सावधगिरी तरीही सांगून ठेवतो. गावी गेल्यावर चहा संपायच्या आत कोणी हक्कसोड पत्र पुढे केले, तर रागावू नका आणि सहीही करू नका. “कागदाचे नंतर बघू, आज घर दाखवा,” एवढे म्हणा.

कागदांचे म्हणाल तर ते उपयोगी आहेत, पण ते ज्या प्रश्नाचे उत्तर देतात तोच त्यांना विचारावा. सातबाऱ्यावर घर शोधू नका. सातबारा शेताचा असतो, आणि गावठाणातली घरे त्यात येत नाहीत. घरासाठी ग्रामपंचायतीची आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना ८, ज्याला आपल्या भागात घरठाण उतारा म्हणतात, ती पाहावी लागते. तुमच्या पावतीवर घर क्रमांक असेल, तर ग्रामसेवकांना त्या काळच्या नोंदवहीतला तो क्रमांक दाखवायला सांगा, कारण फेरआकारणीत क्रमांक बदलतात आणि आजचा तोच क्रमांक भलत्याच घराचा असू शकतो. चतुःसीमा लिहिलेली असेल तर ती उतरवून घ्या. ‘पूर्वेस बोळ, दक्षिणेस अमक्याचे घर’ ही एक ओळ नकाशापेक्षा मोलाची ठरते, कारण अमक्याचे नातू तिथे बहुधा अजून राहत असतात. हा उतारा मालकीचा दाखला नव्हे, तो कराचा कागद आहे, हेही लक्षात असू द्या. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होत आहेत. तुमच्या गावाची झाली असल्यास जागेचा आजचा आकार भूमी अभिलेख कार्यालयात दिसेल.

माणसे शोधायची असतील, तर फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावे बदलल्याच्या नोंदी, पाहा. गाव नमुना ६ मधल्या वारसनोंदीत मयत खातेदार, त्याची मुले, विधवा, कधी लग्न झालेल्या मुली त्यांच्या सासरच्या गावांसह लिहिलेल्या सापडतात, आणि घरात कोणाला न आठवणारी एखादी आत्या तिथे भेटते. जुन्या प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टरही विसरू नका. आजोबा दोन इयत्ता शिकले असतील, तर त्यांचे नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण तिथे असेल. जुने कागद मोडीत निघतील. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तहसील कचेऱ्यांतली अशी पुष्कळ दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली, त्यामुळे जाणकार मिळणे आता पूर्वीइतके अवघड नाही. आणखी एक दप्तर माणसांच्या खांद्यावर फिरते: हेळवी. सुगीनंतर दारी येऊन घराण्याची वंशावळ म्हणून दाखवणारे आणि धान्य घेऊन जाणारे हे लोक सांगली-कोल्हापूरच्या गावांत अजून येतात. आपल्या घराचा हेळवी कोण, हे चुलत भावाला नक्की ठाऊक असेल. मूळ पुरुष कोणत्या गावाहून आला हे तो सांगेल. त्यातले सगळे पुराव्याचे नसते, पण तुमच्या आजोबांचे नाव त्याच्या वहीत आहे की नाही हे पाहण्यासारखे आहे.

तुमच्या पत्रातली जी ओळ मला सर्वांत अधिक खटकली, ती आजीची. तीन पाने वाड्यावर आणि आजीचे माहेर एका ओळीत! पूर्वजांचे घर म्हणजे बापाच्या बापाचे घर, हे आपण इतके गृहीत धरले आहे की निम्मे पूर्वज आपल्या हिशेबातूनच गळतात. त्यांचे कागदही थोडे, कारण सातबारा सासरच्या नावावर आणि नाव लग्नात बदललेले. मात्र तुमच्या घरात आजीची पितळेची किंवा तांब्याची भांडी असतील, तर ती चिंचेने घासून उजेडात तिरकी धरा. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालण्याची चाल होती: देणाऱ्याचे नाव, गाव, कधी तारीख. मामाने दिलेली घागर किंवा आत्याने दिलेले ताट यांवर माण तालुक्यातले एखादे गाव पुसट अक्षरांत उभे असण्याची बरीच शक्यता आहे. माझ्या आजीचे माहेर मला एका तपेल्याच्या काठावर सापडले. त्याआधी चार वर्षे मी ते माझ्याच स्वयंपाकघरात, कण्हेरीच्या कुंडीखाली ठेवलेले होते.

आता जाण्याविषयी. जावे, पण सांगून जावे, आणि पहिल्या खेपेस बंधूंना बरोबर नेऊ नये. ते तपास करायला येतील, तुम्ही भेटायला जा. गावच्या यात्रेची तारीख विचारून घ्या. त्या चार दिवसांत केरळ-तमिळनाडूपासून बंगालपर्यंत पांगलेली गलाईवाली घरे गावी येतात, आणि परमुलखातून आलेल्या माणसाकडे कोणी वळून पाहत नाही. देवळात पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना आजोबांचे नाव सांगून पाहा, नाही ओळखले तर पणजोबांचे, आणि नाहीच तर आडनाव व धंदा. मुलांना मराठी तोडकी येते म्हणून त्यांना मागे ठेवू नका.

चुलत भावाला ‘घर कोठे होते’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर ‘पडले’ असेच येणार. ‘जुनी चौकट कोठे लावली?’ असे विचारा. माळवद पडते, माती जाते, पण चांगले लाकूड आपल्याकडे कोणी टाकत नाही. चौकट नव्या स्लॅबच्या घराला मागल्या दारी लागते, तुळया गोठ्यात जातात, जाते परड्यात उपडे पडलेले असते, उंबरा कपडे धुवायला होतो. कार्डात लिहिलेल्या ‘दोन तुळया’ थोरल्या आजोबांनी बदलल्या असतील, तर त्या अजून कोठेतरी ओझे पेलत असतील, आणि त्या दाखवताना माणूस हिश्श्याचे बोलत नाही, आपल्या बापाने त्या कशा आणल्या हे बोलतो.

मूळ कार्ड प्रवासात नेऊ नका, त्याची झेरॉक्स न्या आणि ती वाचून दाखवा. ते अक्षर त्याच्या आजोबांचे आहे, आणि त्याने ते कदाचित कधी पाहिलेलेही नसेल. मग एवढेच विचारा की त्या पत्राला कोइंबतूरहून काय उत्तर आले होते. पैसे पाठवले असतील, तर मनीऑर्डरच्या पावतीचा तुकडा, आणि नसतील, तर तसे सांगणारे कार्ड. दोन्हींपैकी जे काही आहे ते तुमच्या आजोबांच्या हाताचे असून ते तुमच्या पेटीत नाही, याचा अर्थ ते त्यांच्या पेटीत असू शकते.